काम काय करतेस, हे कोणी विचारले?

(भिवंडीतील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



इथे येण्याआधी मी एका वस्तीत गेले होते. खाली यंत्रमाग, वर माळ्यावर बिऱ्हाड. एक बाई कांड्या भरत होती. केसांवर, भुवयांवर सुताचे तूस. खोकल्याबद्दल विचारले तर म्हणाली, "ताई, तो रोजचाच. पण सुट्टीनंतर कामावर बसले की छाती आवळते." दवाखान्यात तीनदा औषध मिळाले. काम काय करतेस, हे एकदाही विचारले गेले नाही.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळणे ही बिसिनोसिसची खूण असू शकते. कापसाच्या धुळीने होणारा हा आजार. सुरुवातीला धुळीपासून दूर गेले की बरे वाटते. वर्षानुवर्षे तेच चालले की दमा कायमचा जडतो. व्यवसायजन्य रोगांच्या सरकारी यादीत त्याचे नाव आहे. पण मस्टरवर नाव नसलेल्या बाईला त्या यादीचा काय उपयोग?

शिवाय बाहेरचा धूर. साईझिंगचे बॉयलर लाकूड, कोळसा, कुठे चिंध्या आणि प्लास्टिकही जाळतात. गोदामांचे ट्रक दिवसरात्र धावतात. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सांगितले. आणि हे सारे सोसून घरी आल्यावर चूल फुंकायची तीही आपणच!

मग करायचे काय? कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. कांड्या खिडकीपाशी भरा, पोराला तिथून दूर झोपवा. साध्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क हवा. चिंध्या जाळू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती मोफत आहे. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी सुतात काम करते."

पण सगळा भार आपल्याच पदरात का? मास्कचा खर्च आणि धूळ ओढणारे पंखे ही मालकाची जबाबदारी. अमेरिकेत १९७८ साली कापसाच्या धुळीवर मर्यादा आली. गिरणीमालक कोर्टात गेले. १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. आपली पहिली मागणी तर साधी आहे: घरी कांड्या भरणाऱ्या प्रत्येकीची कामगार म्हणून नोंद करा, तिची छाती तपासा.

आज घरी जाताना शेजारणीला एवढेच विचारा, "सुट्टीनंतर तुझी छाती आवळते का गं?" उत्तरे लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत ती यादी घेऊन बसू.