उतरलेले वजन आणि उरलेली कातडी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पणजी येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत धर्म, शिक्षण, समाजकार्य अशा भारदस्त विषयांवर आमच्याआधी वक्ते बोलून गेले. आमच्या वाट्याला आरोग्याचा विषय आला, आणि त्यातलाही आम्ही असा कोपरा निवडला आहे की ज्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही. पुष्कळ वजन उतरल्यावर अंगावर जी सैल कातडी लोंबत राहते तिचे काय करावे, हा तो विषय. कोणाला हसू आले तर हसून घ्यावे. ज्यांच्या अंगाला ही गोष्ट लागली आहे त्यांना मात्र हसू येत नाही.

स्थूलतेचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या देहांना दोषास्पद म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही आहेत. नवे आहे ते प्रमाण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या गोमंतकीय स्त्रियांपैकी दर तिघींत एकीहून अधिक स्त्री प्रमाणाबाहेर वजनाची आढळली. पुरुषही फार मागे नाहीत. त्याबरोबर वजन उतरवणारेही वाढले, ही आनंदाची गोष्ट. मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे चालणाऱ्यांची रांग पाहावी. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची जी पद्धत सांगितली, ती महाराष्ट्रात घराघरांत पोचली. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियाही आता लोक उघडपणे करून घेतात. नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत ती करून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. 2025 साली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही भारतात आली. म्हणजे तीस, चाळीस, पन्नास किलो वजन उतरलेली माणसे यापुढे आपल्या आप्तेष्टांतच दिसणार आहेत. त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहणार, त्याची तयारी आजच असावी.

आता कातडीचा स्वभाव पाहू. तिच्या आतल्या थरात दोन प्रकारचे धागे असतात. एक बळकटी देणारे, त्यांना कोलॅजेन म्हणतात. दुसरे ताणून पुन्हा जागेवर येणारे, त्यांना इलॅस्टिन म्हणतात. लेंग्याचे इलास्टिक चार दिवस ताणले तर पुन्हा आवळते, चार वर्षे ताणून ठेवले तर आवळत नाही. कातडीचेही तसेच. म्हणून विशी-पंचविशीतल्या मुलाचे दहा-पंधरा किलो उतरले तर कातडी बहुधा अंगाबरोबर आत येते. पण वीस वर्षे स्थूल राहून पन्नाशीत चाळीस किलो उतरवले, तर भाताचे पोते अर्धे रिकामे केल्यावर जसे दिसते तसे पोट दिसू लागते. पोटाखाली झालर येते, दंडाखाली झोळी येते, मांड्या आतून एकमेकींवर घासतात, स्तन ओघळतात, हनुवटीखाली पडदा लोंबतो. तंबाखू, विडी-सिगारेट, वर्षानुवर्षांचे कडक ऊन आणि आनुवंशिक ठेवण यांचाही यात वाटा असतो. यात त्या माणसाचा आळस नाही की कसूर नाही. उलट जितके श्रम अधिक, तितकी कातडी अधिक उरते.

पहिला त्रास दिसण्याचा नसून घामाचा आहे. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतील दमटपणा बाराही महिने सुटत नाही. घडीत घडी बसली की आत घाम साचतो, वारा लागत नाही, कातडीवर कातडी घासते. मग लाली, खाज, वास, बुरशी, आणि दुर्लक्ष झाले तर जखम. मधुमेह असेल तर ही जखम चिघळते. पेडण्या-डिचोलीकडच्या शेतात, कुळागरात ओल्या कपड्यांनी दिवसभर राबणाऱ्या बाईला हे दुखणे किती जाचत असेल, याची कल्पना करावी. संकोचापायी ती डॉक्टरला दाखवत नाही, नवऱ्यालाही सांगत नाही.

यावर रोजचा उपाय अगदी साधा आहे. आंघोळीनंतर प्रत्येक घडी उचलून मऊ कपड्याने टिपावी, चोळू नये. मग दोन मिनिटे पंख्याखाली उभे राहावे. घडीत जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याची किंवा धोतराची स्वच्छ पट्टी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. पावडर थापू नये. घामाशी मिसळून तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. दुकानात जाऊन "खाजेचे मलम द्या" असे म्हणू नये. तसे मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी दुप्पट पसरते आणि कातडी पातळ होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला, तो उगाच नव्हे. चालताना, कामात पोटाला आधार देणारा घट्ट पट्टा किंवा तसे कपडे घातल्यास घासणे आणि कंबरदुखी कमी होते.

दुसरा प्रश्न लोक विचारतात तो असा, की कातडी आवळणारे तेल-मलम आहे काय? मोठ्या प्रमाणावर लोंबणारी कातडी आत घेणारे कोणतेही तेल, मलम किंवा थरथरणारा पट्टा नाही. जाहिरातींवर पैसा घालवू नये. मालिशाने बरे वाटते, तेवढे पुरे. उपयोग होतो तो स्नायूंचा. चरबी गेली तिथे थोडा स्नायू भरला तर कातडीला आतून आधार मिळतो. म्हणून नुसत्या चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा, उठाबशांचा, दंडाचा व्यायाम वयाप्रमाणे करावा. आणि जेवण कमी केले तरी प्रथिने कमी करू नयेत. नुसत्या पेजेवर आणि लोणच्यावर दिवस काढले तर चरबीबरोबर स्नायूही झडतो. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे 19 ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात 6. मत्स्याहार न करणाऱ्यांना मूग, चणे, अळसांदे, दूध-दही आहे. आणि कुळथाची पिठी तर आपल्या घरचीच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरला विचारून प्रमाण ठरवावे. कातडीला आत येण्यासही अवधी द्यावा. वजन स्थिरावल्यावर वर्ष-दीड वर्ष ती हळूहळू आवळत असते.

एवढे करूनही जे उरते त्याला शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. शस्त्रक्रिया म्हटले की लोक म्हणतात, "हे नटनट्यांचे चोचले!" हा गैरसमज आहे. कातडीच्या शस्त्रक्रियेचे मूळ सुश्रुताकडे आहे, आणि अर्वाचीन जगाला तिची ओळख झाली ती महाराष्ट्रातून. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. ते पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे केले. ती हकीकत 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि 1814 साली जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तीच रीत लंडनमध्ये वापरली. ही विद्या मोडलेला माणूस उभा करण्यासाठी जन्मली आहे. तिची लाज का वाटावी?

तरी घाई करू नये. वजन निदान सहा महिने स्थिर असावे; जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिच्यानंतर वर्ष-दीड वर्ष थांबावे. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करावी. तंबाखू आणि धूम्रपान निदान महिनाभर आधी बंद हवे, नाहीतर टाके धरत नाहीत. रक्तातील लोह, प्रथिने आणि साखर तपासून घ्यावी. पोट, दंड, मांड्या हे सगळे एका दिवशी उरकण्याचा हट्ट धरू नये, टप्प्याटप्प्याने होते. आणि हे आधीच समजून घ्यावे की सैलपणा जातो पण लांब व्रण राहतो, तो कायमचा. जखमेत पाणी साचणे, पू होणे, टाके सुटणे, क्वचित पायात रक्ताची गुठळी होणे, हे धोके आहेत. त्यामुळे प्रशिक्षित प्लास्टिक सर्जनकडेच जावे. मुंबई-बेळगाव गाठण्यापूर्वी आपल्या बांबोळीलाच विचारावे. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा चालवणाऱ्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे.

आता पैशाचा प्रश्न. आरोग्य विम्याच्या नियमांत 2020 पासून दिसण्यासाठी केलेली प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे; मात्र प्रकृतीला असलेला तत्काळ धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक आहे असे डॉक्टरने लिहून दिले तर वाट उघडी राहते. म्हणून घडीतील जखमांची, औषधांची नोंद जपून ठेवावी. आमची विश्वस्तांना विनंती आहे, की वैद्यकीय मदतीचे अर्ज पाहताना 'सौंदर्यासाठी' असा शेरा मारून असे अर्ज बाजूला टाकू नयेत. वारंवार जखमा होतात काय, वजन सहा महिने स्थिर आहे काय, सर्जनचे पत्र आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत आणि मगच निर्णय करावा. न्यासाच्या पैशाचा यापेक्षा चांगला विनियोग थोडाच असेल.

शेवटची गोष्ट पैशाची नाही, जिभेची आहे. लग्नमुंजीत, जत्रेत भेटल्यावर आपण सहज म्हणतो, "अगं वहिनी, किती वाळलीस! साखर लागली की काय? तोंड बघ कसे उतरले!" जाडी होती तेव्हा जाडीवरून बोललो, आता सुरकुत्यांवरून बोलतो. त्या बाईने वर्षभर भाताच्या दुसऱ्या वाढीला नको म्हटले, पहाटे उठून मैलोन्‌मैल चालली, तिची साखर उतरली, गुडघे हलके झाले. हे सर्व आपल्या एका वाक्याने मातीमोल होते. अशी बोलणी ऐकून पुन्हा पूर्वीसारखे जेवू लागलेली, पोहणे सोडलेली, लग्नकार्याला जायचे टाळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. स्थूलतेने जी माणसे घरात बसली होती, ती बारीक झाल्यावरही घरातच बसावीत, याहून मोठे नुकसान कोणते?

तेव्हा पुढच्या वेळी असे कोणी भेटले तर एवढेच विचारावे, "आता जिना चढताना दम लागत नाही ना?" उत्तर ऐकून तुम्हालाही बरे वाटेल.