कानांची कैफियत



जयपूरच्या वैशाली नगरात माझे वास्तव्य आहे. तेथील हॉर्न आणि वरातींचे बँड पूर्वी मला जाणवतही नसत. आता ते असह्य होतात. हा केवळ चिडखोरपणा नव्हे. वयानुसार कानातील सूक्ष्म केशपेशी कमी होतात. हळू बोललेले निसटते, मोठा आवाज मात्र बोचतो. गोंगाटातून शब्द निवडण्याची मेंदूची शक्तीही उणावते. लहान मुलांत तीच शक्ती अजून पुरती विकसित झालेली नसते. म्हणूनच २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्राची तरतूद आहे. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. पाल्यांना नेताना फाटकाशी हॉर्न वाजवू नये, एवढीच विनंती. गुरुजींचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला पाहिजे.