पहिला टेबल आरा घेताना



धान घरात आले की मौदा भागात सुतारकामाला सवड मिळते. गोठ्याचे दार, खाटेच्या पाट्या, किरकोळ दुरुस्ती. त्यासाठी टेबल आरा घ्यायचा विचार असेल, तर हॉर्सपॉवर मागाहून विचारा. आधी पात्याच्या मागे बघा. तिथे पात्यासोबत खालीवर होणारी पोलादी पाचरपट्टी हवीच. चिरलेली फळी मागे मिटून पाते आवळते, तेव्हा पाते तिला उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकते. त्या झटक्यात हात पात्यावर जातो, बरं का! पाचरपट्टी ती चीर मिटू देत नाही. ती नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असो, दुकानातच राहू द्या.

दुसरे, फेन्स. प्लग काढून पाते व फेन्समधले अंतर पुढे आणि मागे टेपने मोजा. मागे कमी भरले तर लाकूड तिथेच अडकणार.

घरच्या सिंगल फेजवर दोन हॉर्सपॉवरपर्यंतची मोटार पुरते. १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर आरा चालवू नका. विद्युत कायदा, २००३ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो.

पाते १० इंची, लांबीत चिरायला २४ दातांचे. ओंडका त्यावर घालू नये. तो परवान्याच्या आरागिरणीतच चिरून आणा. बांधावरच्या बाभळीच्या फळीत कुंपणाचे खिळे, तारा राहतात, त्या आधी काढा. हातमोजे घालू नका, दुपट्टा काढून ठेवा, आणि शेवटचा वीतभर तुकडा काठीनेच ढकला.