तीन शिट्ट्यांचा खेळ



१९८३ साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत एक संगणक विक्रीला आला. टीआरएस-८० मॉडेल १०० हे त्याचं नाव. बनवला होता जपानच्या क्योसेरा कंपनीनं. आकार आडव्या धरलेल्या ए-फोर कागदाएवढा, जाडी दोन इंच, वजन दीड किलोच्या आत. चार पेन्सिल सेल घातले की वीसेक तास चालायचा. खटका सरकवला की त्याच क्षणी सुरू. पडदा आठ ओळींचा, एका ओळीत चाळीस अक्षरं, बस्स. पत्रकारांनी हे यंत्र अक्षरशः डोक्यावर घेतलं. सामना संपला की मैदानातच बातमी टाइप करायची, आतला मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि सेकंदाला तीसएक अक्षरं या गतीनं ती कचेरीत धाडायची. रॉममधलं, म्हणजे यंत्रात कायमचं कोरलेलं, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं होतं. बिल गेट्स यांनी जून सुझुकी या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यात स्वतः बसून कोड लिहिला. आपण जातीनं एवढं काम केलेलं हे शेवटचंच यंत्र, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

अशा या कामसू यंत्रावर मी प्रेशर कुकरचा खेळ लिहिला आहे. पडद्यावर डावीकडे कुकर, खाली गॅसची ज्योत. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा. झाला खेळ. शिट्ट्या किती झाल्या ते पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मधेच फोन वाजतो, दाराची बेल वाजते, शेजारच्या काकू विचारतात, ‘आज काय बेत?’ आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लवकर बंद केलात तर भात कच्चा, उशिरा केलात तर करपला. बरोबर तिसरीला केलात तर पडदा सांगतो, ‘भात झाला.’ गुण नाहीत, पुढची पातळी नाही. आणि पहिली शिट्टी व्हायला घरी जितका वेळ लागतो, तितकाच इथेही लागतो.

हा बावळटपणा मी ठरवून केला, आणि या वाटेवर माझ्या आधी फार मोठी माणसं चालून गेली आहेत. जपानचे विनोदी नट ताकेशी किटानो यांच्या नावानं तायतो कंपनीनं १९८६ साली फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर एक खेळ काढला. त्यात एका ठिकाणी तासभर कंट्रोलरला हातच लावायचा नाही, असं आहे. अमेरिकेतले जादूगार पेन आणि टेलर यांच्यासाठी १९९५ च्या सुमारास एक खेळसंग्रह तयार झाला, त्यात ‘डेझर्ट बस’ नावाचा खेळ होता. टक्सन ते लास व्हेगास बस चालवायची. ताशी ४५ मैल, म्हणजे खरेखुरे आठ तास. रस्ता सरळ, रहदारी नाही, बस मात्र उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडता येत नाही. पोहोचलात की गुण मिळतो एक. संग्रह बाजारात आलाच नाही, तो काढणारी कंपनी बंद पडली. पण २००७ पासून कॅनडातली विनोदी कलाकारांची एक मंडळी दरवर्षी हाच खेळ दिवसचे दिवस खेळून आजारी मुलांसाठी देणग्या गोळा करते, आणि आजवर जमलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या कितीतरी पुढे गेली आहे. कंटाळा हाच ज्याचा विषय, त्या खेळाभोवती माणसं अशी एकत्र आली!

आपल्याकडे विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ हे बालकवितांचं पुस्तक आठवा. त्या देशात काय वाटेल ते घडतं, पण लय कुठे ढळत नाही. मला आज जे सांगायचं आहे ते हेच. पगारपत्रकाचा प्रोग्राम थोडा ओबडधोबड असला तरी चालतो, कारण त्यातून पगार निघतो. निरर्थक गोष्टीला अशी सवलत नाही. ती उपयोगाची नसते, त्यामुळे तिला चोख असावंच लागतं. कुकरची शिट्टी जर कुकरसारखी वाजली नाही, तर माझ्या खेळात उरतं काय?

म्हणून शिट्टीबद्दल जरा विस्तारानं बोलतो. मॉडेल १०० च्या बेसिक भाषेत साउंड नावाची आज्ञा आहे. तिला दोन आकडे द्यायचे, एक स्वराचा, दुसरा कालावधीचा. कालावधीत ५० म्हणजे एक सेकंद. स्वराचा आकडा मात्र उलटा चालतो. यंत्राच्या घड्याळाची गती सेकंदाला २४,५७,६०० ठोके, तिला आपला आकडा भागतो. ५५८६ दिला की ४४० कंपनांचा स्वर निघतो. आकडा लहान करत गेलं की आवाज चढतो. आता स्वयंपाकघरात उभं राहून कुकर नीट ऐका. शिट्टी एकदम येत नाही. आधी वजन थरथरतं, बारीक फुसफुस होते, मग आवाज झपकन चढतो, वर थोडा टिकतो आणि सुटत सुटत खाली येतो. हा सगळा चढउतार मी छोट्या छोट्या स्वरांत तोडला. तोडण्याला दुसरंही कारण होतं. स्वर वाजत असताना प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. अख्खी शिट्टी एका आज्ञेत वाजवली, तर मधे कोणी गॅस बंद केल्याचं यंत्राला शिट्टी संपेपर्यंत कळणार नाही. म्हणून दर दोन तुकड्यांमध्ये कळ दाबली गेली का, हे तपासायचं.

शिट्ट्यांमधलं अंतरही खरं हवं. पहिलीला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण पाणी तापून दाब चढायचा असतो. आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचलं की पुढच्या शिट्ट्या लवकर येतात. त्यात थोडी अनिश्चितता घालायला गेलो, तर या यंत्राचा एक स्वभाव आडवा आला. त्याचे यादृच्छिक आकडे प्रोग्राम सुरू केला की दर वेळी त्याच क्रमानं येतात. म्हणजे कुकर रोज त्याच ठेक्यात वाजणार. जुन्या लोकांनी यावर उपाय शोधून ठेवलेला आहे. आतल्या घड्याळाचे सेकंद बघायचे आणि तितके आकडे आधी काढून टाकून द्यायचे. त्या घड्याळाची आणखी एक गंमत सांगतो. रॉममध्ये ‘१९’ कायमचं कोरलेलं असल्यामुळे मेनूवर आजही विसावं शतकच दिसतं.

पडदा २४० बाय ६४ ठिपक्यांचा, एका अक्षराची जागा सहा बाय आठ. रोमन अक्षर तिथे ऐसपैस बसतं. ‘शिट्टी’ बसवून बघा! एक ओळ शिरोरेखेला गेली, वरच्या दोन वेलांट्यांना, आणि उरलेल्या जागेत एका ट खाली दुसरा ट. शक्यच नाही. शेवटी दोन ओळींची उंची घेतली, सोळा ठिपके, आणि चौकटीच्या वहीवर एकेक अक्षर आखलं. ठिपके एकामागून एक उमटतात, बेसिक संथ आहे. मी तो संथपणा ठेवला आणि शिरोरेखा शेवटी ओढली, आपण हातानं लिहिताना ओढतो तशी.

वाफेचं काम मात्र पडद्यानंच केलं. हा एलसीडी जुना आहे, पुसलेला ठिपका लगेच जात नाही, क्षणभर करडा होऊन विरतो. चेंडूफळीचा खेळ लिहिणाऱ्याला याचा वैताग येईल. मी कुकरच्या वर ठिपके काढले, पुसले, आणि त्या विरण्यातून वाफ तयार झाली. ती आधुनिक पडद्यावर अशी दिसत नाही. बाजूची कॉन्ट्रास्टची चकती थोडी मागेपुढे केली की आणखी खुलते.

३२ किलोबाइटच्या यंत्रावर मेनूच्या तळाशी २९६३८ बाइट मोकळे दिसतात. एवढ्यात सगळं मावायला हवं, आणि मावतं. रॉमची आतली रचना, कळफलकाचं वागणं, प्रत्येक चिपचं काम या गोष्टी जगभरच्या हौशी लोकांनी तपासून मांडून ठेवल्या आहेत. एका माणसाला हे यंत्र पूर्ण समजून घेता येतं. आज खिशातल्या फोनबद्दल असं म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही, आणि आपल्या मुलांनी आयुष्यात एखादं तरी यंत्र तळापर्यंत पाहावं, असं मला फार मनापासून वाटतं. पगारपत्रकानं ती मुलं जवळ येणार नाहीत. कुकरनं येतात.

सभागृहाबाहेर टेबलावर यंत्र ठेवलं आहे, सेल नवे आहेत. शेजारी प्रोग्रामच्या छापील प्रती आहेत, घेऊन जा. यंत्र नसेल तर व्हर्च्युअल-टी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर चालेल. शिट्टीच्या ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली आहे. प्रत्येक घरच्या कुकरचा आवाज निराळा, तेव्हा ते आकडे बदला, तुमची शिट्टी बसवा, आणि जमली की त्या ओळी मला लिहून पाठवा.