प्रश्न कागदावर येत नाही



सावर्ड्यात गोविंदराव निकमांनी उभी केलेली शाळा-कॉलेजं, कलाशाळेतली चित्रं-शिल्पं, पलीकडे डेरवण. या भूमीची थोरवी प्रास्ताविकात येऊन गेली, मी पुन्हा सांगत नाही. संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. कादंबरी, कथा, कविता, बालवाङ्मय अशी टिपणं मी काढून आणलीत. कादंबरीपासून सुरुवात करतो. तिच्या पुढे जाणं होईल असं वाटत नाही.

मी सेशन्स कोर्टाचा निवृत्त लघुलेखक. उभी हयात साहेबांच्या डायसखाली बसून साक्षी उतरवण्यात गेली. त्यामुळे मराठीतली कोर्टाची कादंबरी उघडली की माझा पारा चढतो. वकील टेबलावर मूठ आपटतो, ‘ऑब्जेक्शन, मिलॉर्ड’ म्हणून गरजतो, शेवटच्या प्रकरणात दार ढकलून एक साक्षीदार आत येतो आणि खरा खुनी गर्दीतून उठून कबुली देतो. हे कोर्ट हिंदी सिनेमातलं आहे. आमच्या कोर्टात दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला आधीच मिळते. कोण काय सांगणार, कुठल्या पंचनाम्यावर कुणाची सही, हे दोन्ही बाजूंना पाठ असतं. पत्ते उघडे टाकून डाव खेळायचा आणि तरी अंगावर काटा आणायचा, ही खरी कारागिरी. आमचे कादंबरीकार तिथे पोचतच नाहीत.

सकाळच्या परिसंवादात एक पक्ष म्हणाला, खुनी आधी कळला की कादंबरी संपली. दुसरा म्हणाला, असलं रंजनपर लेखन संमेलनात कशाला? दोघांनाही एकाच साक्षीने उत्तर देतो.

गडग्यावरून भावकीत वाद, आषाढातली तिन्हीसांज, धो धो पाऊस आणि कोयतीचा वार. पाहणारी एकच, शेजारची म्हातारी. सरतपास झाला. बचावाचे वकील नामांकित होते. उलटतपासात त्यांनी विचारलं, ‘पाऊस होता?’ ‘व्हता.’ ‘आरोपीच्या डोक्यावर इरलं होतं?’ ‘व्हता.’ ‘तोंड दिसलं?’ ‘नाय.’ ‘आवाज ऐकलात?’ ‘नाय.’ इथे वकिलाने खाली बसायचं असतं. केस हातात आली होती. पण मागे पक्षकार बसलेला, त्याच्यासमोर मिरवायचं होतं. त्यांनी विचारलं, ‘मग आजी, ओळखलंत कशावरनं?’ म्हातारी साहेबांकडे वळून म्हणाली, ‘इरला माजाच व्हता. आदल्या दिशी मागून न्हेलान.’

पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकं कोर्ट गप्प झालं. आता कागदावर काय आलं ते ऐका. जुन्या फौजदारी संहितेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे सेशन्समधली साक्ष सर्वसाधारणपणे कथनाच्या रूपात घेतात, प्रश्नोत्तरं क्वचितच. म्हणून मी टंकलं : ‘आरोपीच्या अंगावरील इरले माझे होते. ते त्याने आदल्या दिवशी माझ्याकडून नेले होते.’ त्याखाली ठरलेलं वाक्य : ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ संपलं. वकिलाचा प्रश्न गेला, त्याचा तोरा गेला, शांतता गेली. पुढे अपिलात हा कागद वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीने आपणहून सांगितलं. जे कागदाने गाळलं तेवढंच कादंबरीकाराने लिहावं, वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही. निकाल काय लागला हे मी मुद्दाम सांगत नाही. ते इरलं त्याने पुढे तिसऱ्याच कुणाला दिलं असेल का, हे तुमच्यातले निम्मे आत्ता मनात घोळवत आहेत. पत्ते उघडे असूनही तुम्ही अडकलात की नाही?

नानावटी खटला घ्या. २७ एप्रिल १९५९ रोजी गोळ्या कुणी झाडल्या, याविषयी वादच नव्हता. आरोपी स्वतः हजर झाला होता. तरी मुंबई वेडी झाली. सगळा पेच एका टॉवेलवर आला. झटापट झाली म्हणता, मग नुकत्याच आंघोळ करून आलेल्या, गोळ्या लागलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही? ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. सांगा, यात दडवलेला खुनी कुठे आहे?

आपल्या नाटकाला हे कळलं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळातला खटला आहे, तरी बेणारेबाई पिंजऱ्यात अडकत जातात तसा प्रेक्षकाचा श्वास अडकतो. सिनेमालाही कळलं. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये तारखांवर तारखा पडतात आणि तो कंटाळाच भीतीदायक होतो. कादंबरी मात्र मागे राहिली. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आम्ही पुस्तकात पुस्तक लपवून वाचला, त्या ऋणात मी आहे. पण त्या जातीच्या कथेत वकील अर्धा गुप्तहेर असतो. परदेशात कोर्ट आतून पाहिलेल्यांनी लिहिलं : पेरी मेसन लिहिणारा गार्डनर स्वतः वकील होता, स्कॉट टुरो सरकारी वकील होता. जॉन ग्रिशमला पहिली कादंबरी सुचली ती मिसिसिपीतल्या कोर्टात एका लहान मुलीची साक्ष ऐकताना. आपल्याकडे काय कमी आहे? आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी १९०८ साली हायकोर्टात स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तास बोलले. कोकणात तर आजोबाने लावलेला दावा नातू चालवतो. कलमं, पाणंद, वहिवाट, कुळं, मुंबईहून तारखेला येणारे चाकरमानी, ऐनवेळी फितूर होणारे पंच! एवढा ऐवज असून लेखक घरी बसून इंग्रजी मालिका बघतात आणि समीक्षक असल्या विषयाला नाकं मुरडतात. वकीलमंडळीही दोषी आहेत. बाररूममध्ये रंगवून सांगतात, लिहीत कुणी नाही.

१९९८ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणजे म्हातारीच्या बोलीतलं बोलणं मराठी कागदावर येतं, तिथे लेखकाला भाषांतराचंही निमित्त नाही. कोर्टाच्या कादंबरीसाठी काही करायला हवं. नव्या लेखकांसाठी एखादं शिबिर, निकाली खटल्यांच्या कथांचं एखादं संकलन, वाचनालयांनी पुढाकार घ्यावा... तपशील कार्यकारिणीने ठरवावेत. मी यथाशक्ती हातभार लावीन. कथा, कविता आणि बालवाङ्मयाची टिपणं चिटणिसांकडे देतो, कविमित्रांनी रागावू नये.

एक गोष्ट मात्र कार्यकारिणीवाचून होण्यासारखी आहे. न्यायालय खुलं असतं. तिकीट नाही, ओळख लागत नाही. फोन बंद ठेवायचा आणि मागच्या बाकावर बसायचं. ज्याला कोर्टाची कादंबरी लिहायची आहे त्याने आधी एक संपूर्ण उलटतपास ऐकावा. तोवर त्याने मला आपलं पुस्तक भेट देऊ नये. मी ते वाचणार नाही.