दारावर आलेली बाई आणि आपला उंबरठा

रेडिओजवळ बसलेल्या आयांनो, तायांनो, शेतात मिरची तोडता तोडता मोबाइलवर ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, आज असा विषय घेतलाय की ज्यावर बैठकीत कुजबुज होते, पण उघड कुणी बोलत नाही. दुपारच्या वेळी दोघी-तिघी दारावर येतात, हातात छोटी पुस्तिका असते, आणि विचारतात, "ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" या ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या बायका. कधी बाजारात पत्रकं वाटणारे भाऊ भेटतात.

दारावर देवाचं नाव घेऊन कुणी येणं आपल्याला नवं नाही. आपलं तर रेणुकाईचं गाव. परडी घेऊन जोगवा मागणारी येते, पहाटे वासुदेव येतो, आपण पसाभर धान्य घालतो. फरक एवढाच की जोगवा घेणारी धान्य घेऊन पुढच्या घरी जाते. ही बाई मात्र तुमचा वेळ मागते, आणि तुम्ही आपला मार्ग बदलावा अशी तिची इच्छा असते. म्हणून मन थोडं सावध होतं. होऊ द्या.

हे खूळ काल-परवा बाहेरून आलं, असं काही जण म्हणतात. तसं नाही. मुंबईत 1843 साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री नावाचे एक मराठी ब्राह्मण गृहस्थ 1860 नंतरच्या काळात आपल्या जालन्यात आले. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. सालारजंग दिवाण असताना त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभी राहिली. तिथं आलेली बरीचशी कुटुंबं मांग आणि महार समाजातली होती. ज्यांना गावात पाणी भरायला मज्जाव होता, त्यांना कुणीतरी शेजारी बसवलं. लोक का गेले याचं मोठं उत्तर मला यात दिसतं, आणि ते आपल्यासाठी फारसं अभिमानाचं नाही.

त्या काळी परक्या पुरुषाला घरातल्या बायकांशी बोलता येत नसे. म्हणून मिशनवाले बायकांनाच घरोघर पाठवत. त्या बायबल वाचून दाखवत, आणि कितीतरी ठिकाणी अक्षरंही शिकवत.

आता लक्ष्मीबाई टिळकांचं ऐका. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. नवरा गेला म्हणून ही बाई मागोमाग गेली नाही. काही वर्षं वेगळी राहिली, रडली, भांडली, सोवळंओवळं पाळलं. मग हळूहळू जातीचा विटाळ तिच्या मनातूनच सुटला, आणि 1900 साली तिनं स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं तिनं इतक्या मोकळेपणानं लिहिलंय की पोट धरून हसू येतं. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. तिचं "नाही" तिचं होतं आणि तिचं "हो"सुद्धा तिचंच होतं. आपल्याकडे दारावर कुणी आलं की घरातला पुरुष बोलतो, गल्लीतली पोरं बोलतात. जिच्यासाठी प्रार्थना करायची तिला कुणी विचारतच नाही.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या 25 व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली श्रद्धा समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे ती बोलू शकते. तुम्ही ऐकू शकता, पाणी देऊन "आज नको ताई" म्हणू शकता, नाहीतर दार लावून घेऊ शकता. तिला ढकलणं, पुस्तकं फाडणं, घोळका जमवणं हा मात्र कुणाचाच हक्क नाही.

दोन गोष्टींत मी कडक आहे. पहिली औषधाची. आपल्या भागातल्या एका बाईनं प्रार्थनेनंतर फिटच्या गोळ्या बंद केल्या. "विश्वास ठेव, गोळी कशाला?" असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पंधरवड्यात ती चुलीजवळ पडली, हात भाजला. प्रार्थनेनं धीर येत असेल तर जरूर करा, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. अंगारा देणाऱ्या बाबालाही माझं हेच सांगणं असतं. फिट, बीपी, साखर, टीबी, कुठलीच गोळी.

दुसरी कागदाची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हे न्यायाचं आहे का, यावर वाद आहे, पण नियम आज असा आहे. मुलाची शिष्यवृत्ती, पंचायतीची राखीव जागा, सगळं त्याच्याशी जोडलेलं. बाप्तिस्म्याआधी हे बाईला नीट सांगणं पास्टरचंही काम आहे. काही सांगतात, काही नाही. कशावर सही किंवा अंगठा करायचा तर आधी वाचून घ्या.

आता आपल्या गटांकडे येते. एका गटातली विधवा बाई रविवारी प्रार्थनेला जायला लागली. लगेच दोघी-तिघींचं सुरू झालं, "हिला गटातून काढा." मी पंचसूत्री काढून पुढे ठेवली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब. यात रविवारी कुठं जाता असा रकाना कुठंय? शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकल्यावर आवाज जरा खाली आला.

त्याच महिन्यात तिच्या ओळखीच्या प्रार्थनावाल्या ताई आल्या, म्हणाल्या, "बैठकीत आम्हाला दहा मिनिटं बोलू द्या." त्यांनाही मी नाही म्हटलं. गटात कुणी कीर्तन ठेवा म्हटलं तरी माझं उत्तर तेच असतं. बैठकीला बाई बचतीसाठी येते, उठून जायची तिला सोय नसते. घरी जा, दार वाजवा, तिथं ती हो-नाही म्हणू शकते. ताई समजल्या, चहा घेऊन गेल्या.

त्या विधवा बाईनं पुढच्या बैठकीत शेळ्यांसाठी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. हजेरी पूर्ण, मागचे हप्ते वेळेवर. काढा म्हणणाऱ्यांपैकी एकीनंच ठरावाला अनुमोदन दिलं.