दाढेत काय भरावे?



किडलेल्या दाढेत ‘चांदी भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी रुळलेला आहे. वस्तुतः या चांदीत चांदीपेक्षा पारा अधिक असतो. चांदी, कथील व तांबे यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्यात कालवली की अमाल्गम तयार होते आणि त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. एकोणिसाव्या शतकापासून दंतवैद्यकात हे मिश्रण वापरात आहे. ते स्वस्त असते, चावण्याचा दाब वर्षानुवर्षे सोसते आणि भरताना थोडी लाळ लागली तरी निभावून नेते. मात्र ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागतो आणि त्यात दाताचा काही निरोगी भागही जातो.

पाऱ्याविषयीची चिंता मुख्यतः पर्यावरणाच्या अंगाने पुढे आली. दवाखान्याच्या सांडपाण्यातून, तसेच दहनाच्या वेळी वाफेच्या रूपाने दातांतील पारा बाहेर पडतो. ज्या मिनामाता शहराचे नाव पाराविषयक कराराला मिळाले, तेथील दुर्घटना मिथिल पाऱ्यामुळे घडली होती. दातातील पारा मूलद्रव्याच्या रूपात असतो. अभ्यासकांनी या दोहोंची गल्लत करू नये. तथापि पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथिल पाऱ्यात रूपांतर होऊ शकते, म्हणून हा भेद दिलासा देण्याइतका मोठा नाही. मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास अनुसमर्थन दिले. प्रारंभी त्यात अमाल्गमचा वापर केवळ कमी करण्याची अपेक्षा होती. २०२२ मध्ये पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी निर्बंध आले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद वगळता हा वापर थांबविला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत सदस्य देशांनी २०३४ ही मुदत मान्य केली.

मग पर्याय कोणता? शहरांतील दवाखान्यांत कंपोझिट रेझिनने हे स्थान केव्हाच घेतले आहे. त्याचा रंग दातासारखा असतो आणि ते दाताला चिकटत असल्याने कोरणे कमी लागते. परंतु त्याची प्रक्रिया नाजूक आहे. प्रथम आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करावयाचा, मग चिकटद्रव्य लावावयाचे, नंतर पातळ थर एकावर एक देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कठीण करावयाचा. या काळात दात पूर्ण कोरडा राहिला पाहिजे. घट्ट होताना रेझिन आकसते. काम घाईत उरकले तर कडेला फट राहते आणि तिथूनच पुन्हा कीड शिरते. वीज, वेळ, उपकरणे व सराव या चारही गोष्टी जुळून आल्या तरच हे साहित्य आपले गुण दाखविते.

तिसरे साहित्य म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन व केंट यांनी ते विकसित केले. ते दाताशी रासायनिक बंध जोडते व हळूहळू फ्लोराइड सोडते. टांझानियात १९८० च्या दशकात पुढे आलेल्या एका पद्धतीत हातातील साध्या हत्यारांनी मऊ कीड काढून हेच सिमेंट भरले जाते. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि बहुधा भूल देण्याचीही गरज पडत नाही. शाळेच्या बाकावरही हे काम होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या सिमेंटचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, तो उगाच नव्हे.

अडचण आहे ती मोठ्या खड्ड्याची. एका पृष्ठभागावरील लहान खड्ड्यात हे सिमेंट चांगले टिकते. दोन-तीन बाजूंनी पोखरलेल्या दाढेत ते झिजते वा तुटते. आणि आपल्या ग्रामीण भागातील रुग्ण दंतवैद्याकडे येतो तो बहुधा ठणका असह्य झाल्यावर, म्हणजे खड्डा मोठा झाल्यावरच. रोजंदारी बुडवून आलेल्या अशा माणसाला दुसऱ्या खेपेस बोलावणे अवघड असते. एका बैठकीत, कमी खर्चात, ओलसर तोंडात टिकणारे साहित्य म्हणून त्याच्यासाठी आजवर अमाल्गम होते. ते मागे घेताना त्या जागी कंपोझिटची सामग्री व प्रशिक्षित हात सार्वजनिक दवाखान्यात पोहोचले नाहीत, तर त्याच्यापुढे एकच उपचार उरतो आणि तो म्हणजे दाढ उपटणे.